दंड भरला, म्हणजे सुटलो का?

पत्र

ताई, मी ३४ वर्षांचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत इंग्रजी शिकवतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे इंग्रजीत एम.ए. आणि बी.एड. २०१२ मध्ये कॉलेजला असताना मेसमध्ये भांडण झालं आणि मी एका मुलाच्या डोक्यात स्टीलचा जग मारला. त्याला चार टाके पडले, माझ्यावर भारतीय दंड संहितेचं कलम ३२४ (घातक वस्तूने इजा) लागलं. दोन वर्षं नुसत्या तारखा. शेवटी वकील म्हणाले, कबूल करून टाक, दंड भर आणि मोकळा हो. पंधराशे रुपये भरले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोर्टात बसवून ठेवलं आणि मग घरी सोडलं. तेव्हापासून माझ्या नावावर साधी एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) सुद्धा नाही.

आता थायलंड, व्हिएतनाम, दुबई, कुठेही इंग्रजी शिकवायला जायचं आहे. एजंट म्हणतो, अठरा हजार द्या, पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) क्लीन काढून देतो, फॉर्मवर 'कधी शिक्षा झाली का' याला सरळ 'नो' लिहा. बायकोला सगळं माहीत आहे, सासरी कुणाला नाही. एका भांडणापायी आयुष्यभर दार बंद का? आणि ज्याला मारलं तो आता साताऱ्यात बँकेत आहे. त्याच्याकडून 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून आणू का? नाव छापू नये.

उत्तर

वयाने तू माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'संध्याकाळपर्यंत कोर्टात बसवून ठेवलं.' तुला वाटलं असेल, कारकुनाचं काम उरकेपर्यंत थांबवलं. माझा अंदाज वेगळा आहे. गुन्हा कबूल केल्यावर मॅजिस्ट्रेट पुष्कळदा 'कोर्ट उठेपर्यंत साधी कैद आणि अमुक दंड' अशी शिक्षा देतात. म्हणजे तू बाकावर बसलास, शिपायाने आणलेला चहा प्यालास आणि साडेपाचला बाहेर पडलास, तरी कागदावर ती कैदच असते. आणि दंड भरून मोकळा झालास हेही अर्धंच खरं. कबुली दिल्यावर न्यायालय दोषी ठरवतं, मग शिक्षा सुनावतं. दंड ही त्या शिक्षेची रक्कम असते, सुटकेची पावती नव्हे. तुझ्या वकिलांनी खोटं सांगितलं नाही, पण पुरतंही सांगितलं नाही. दोन वर्षं तारखांना जाऊन कंटाळलेल्या बावीस वर्षांच्या पोराला तेव्हा ते ऐकायचंही नसतं म्हणा.

म्हणून देशांची यादी काढण्याआधी, एजंटला फोन करण्याआधी, ज्या कोर्टात केस चालली तिथल्या नक्कल विभागात जा आणि निकालपत्राची प्रमाणित प्रत माग. केस नंबर आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर नाव आणि वर्ष टाकून शोध. तिथे सापडला नाही तर पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर घेऊन कोर्टात विचार. जुन्या फौजदारी केसेसचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. तसं झालं असेल तर 'रेकॉर्ड नष्ट केलं आहे' असा दाखला लेखी घे, तोही लागतो. अर्ज करायचा, स्टॅम्प लावायचा, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा एक खेप. कंटाळवाणं काम आहे, पण त्या प्रतीतली शिक्षेची ओळ वाचल्याशिवाय तुला कोणत्याच फॉर्मवर धड उत्तर लिहिता येणार नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी इथे जरा थांबते, कारण अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि प्रत्येक जण 'माझ्यावर गुन्हा आहे' एवढंच लिहितो. गणपतीत किंवा निवडणुकीत पोलिसांनी चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, केली, बाँड लिहून घेतला, ती शिक्षा नव्हे. पोलिसांनी बी समरी, म्हणजे तक्रार खोटी असल्याचा अहवाल, पाठवली आणि कोर्टाने ती मान्य केली, तर तुमच्यावर खटलाच चालला नाही. ३२३ (साधी मारहाण) किंवा ५०४ (मुद्दाम अपमान) सारख्या प्रकरणात लोकअदालतीत तडजोड झाली असेल, तर कायद्याने ती निर्दोष सुटका धरतात. वयाच्या अठरा वर्षांच्या आत बाल न्याय मंडळापुढे गेलेलं प्रकरण असेल, तर २०१५ च्या कायद्याचं कलम २४ तुमच्या बाजूने आहे, काही अति गंभीर गुन्ह्यांचे अपवाद सोडून. आणि ज्यांची केस अजून चालू आहे त्यांनी कबुली देण्याआधी वकिलाला 'प्रोबेशन मागता येईल का' एवढा एक प्रश्न विचारावा. १९५८ च्या त्या कायद्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतात, आणि त्याचं कलम १२ सांगतं की अशा माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. माझ्या मते ३२४ च्या पहिल्याच गुन्ह्यात हे मागितलं जात नाही, हीच मोठी हळहळ आहे.

तुझ्या बाबतीत मागे जाण्याची वाट अरुंद आहे. कबुलीवर झालेल्या शिक्षेत दोषी ठरवण्याविरुद्ध अपील करता येत नाही. फार तर शिक्षा किती आणि ती कायदेशीर का, एवढ्यापुरतंच. तेही बारा वर्षांनी म्हणजे आधी उशिराचं कारण पटवणं आलं. काही देशांत जुनी शिक्षा ठरावीक वर्षांनी आपोआप पुसली जाते, तशी सरसकट सोय आपल्याकडे नाही. फौजदारी वकिलाला नक्कल दाखवून विचार, एका बैठकीची फी घाल, पण नोकरीचा बेत त्यावर टांगून ठेवू नकोस.

आता पीसीसी. गावातल्या ठाण्यातून मिळतो तो चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा. बाहेरच्या नोकरीसाठी पासपोर्ट कार्यालयाची पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागते, पासपोर्ट सेवेच्या साइटवर अर्ज करायचा, फी ५०० रुपये. पडताळणी तुझ्या ठाण्याकडे येते, हवालदार घरी येईल किंवा तुला बोलावेल. गल्लीत चर्चा होईल आणि सासरी कळेल ही तुझी भीती मला ओळींमधून दिसली. त्यावर इतकंच, की बायको सोबत आहे, तर सासऱ्यांना तिच्या तोंडून आधी कळू दे. हवालदाराच्या बुलेटच्या आवाजाने कळायला नको.

त्या सर्टिफिकेटवर काय छापलेलं असतं ते फारसं कुणी वाचत नाही. तिचा आशय असा, की या व्यक्तीविरुद्ध अमुक देशाच्या व्हिसासकट प्रवासाच्या सोयींना अपात्र ठरवणारी प्रतिकूल माहिती नाही. 'या माणसाला कधीच शिक्षा झालेली नाही' असं ती म्हणत नाही. पासपोर्ट कायद्यातल्या अपात्रतेची रेषा पाहा. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त कैद, किंवा कोर्टात चालू असलेला फौजदारी खटला. तू या दोन्हींत बसत नाहीस. म्हणजे पासपोर्टच्या फॉर्मवर पाच वर्षांत दोन वर्षांची शिक्षा झाली का या प्रश्नाला तू 'नाही' लिहिलं असशील तर ते खरंच होतं, त्यासाठी झोप उडवू नकोस. पीसीसीसुद्धा मिळू शकते. ठाण्याने जुनी नोंद कळवली तर पासपोर्ट कार्यालय खुलासा मागेल, तेव्हा निकालाची नक्कल पुढे करायची. त्या दिवशी तुझ्या हातात कागद असणं आणि 'साहेब, ते मिटलंय' असं तोंडी सांगणं, यात खूप अंतर आहे.

मात्र पीसीसी स्वच्छ आली म्हणजे २०१४ ची शिक्षा पुसली गेली असं समजू नकोस. इथेच माणसं फसतात. व्हिसाच्या किंवा शाळेच्या फॉर्मवर 'तुम्हाला कधीही, कोणत्याही देशात दोषी ठरवलं आहे का' असं विचारलं असेल, तर तुझं उत्तर 'हो' आहे, हातात कितीही कोरी पीसीसी असली तरी. आणि 'गेल्या पाच वर्षांत' असं विचारलं असेल तर 'नाही'. विचारलंय तेवढंच आणि तसंच. फॉर्म हा इंग्रजीचा उतारा समजून वाच, तुझा तो धंदाच आहे.

एजंटचे अठरा हजार आता डोक्यातून काढ. ३२४ ला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा होती. फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज केल्याला सात वर्षांपर्यंत आहे. एका जगाच्या फटक्यावर पांघरूण घालायला त्याहून जड गुन्हा अंगावर घेणं, तेही पैसे मोजून? शिवाय परदेशी भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि नोंदणी असलेल्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेता येतो. त्याचा नोंदणी क्रमांक त्या मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर तपास. 'टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे कागद करू, पीसीसी लागतच नाही' असं कुणी म्हणालं तर उठून ये. थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली म्यानमारमधल्या म्यावाडीकडे नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेली आपली पोरं आठव. २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता.

देशांबद्दल. तुझ्या केसपेक्षा तुझा पासपोर्ट मोठी भिंत आहे, हे कुणीतरी तुला स्पष्ट सांगायला हवं होतं. दक्षिण कोरियातल्या खासगी शिकवण्यांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. तुझ्यावर एकही केस नसती तरी तिथे उत्तर हेच होतं. जपानच्या लँग्वेज स्कूलसाठी, इंग्रजी मातृभाषा नसेल, तर बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं लागतं. तुझी बी.ए., एम.ए., बी.एड. मिळून निम्मी भरतात. गंमत म्हणजे जपानचा गुन्ह्याबद्दलचा नियम तुला अडवत नाही. एक वर्ष किंवा जास्त कैद झालेल्याला ते उतरू देत नाहीत, आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा कितीही छोटी असो, दार बंद. विमानात मिळणाऱ्या कार्डावर मात्र 'कधी फौजदारी खटल्यात दोषी ठरलात का' हा प्रश्न असतोच. तुला अडवणार ती मराठी शाळा, मेसमधला जग नव्हे.

व्हिएतनामच्या कामगार कायद्याची भाषा मला वाजवी वाटते. शिक्षा भोगत असलेला, जिची नोंद अजून मिटलेली नाही अशी शिक्षा असलेला किंवा खटला चालू असलेला परदेशी माणूस नको, असं ते म्हणतात. कधीतरी काही झालं होतं एवढ्यावरून कायदा हाकलत नाही. अडचण ही, की 'मिटली' हे आपल्या कायद्यात कुणी लिहून देत नाही. तिथल्या मालकाच्या वकिलाला निकालपत्र आणि दंडाची पावती दाखवून आधीच विचारून घ्यावं लागेल. वर्क परमिटला लागणारा पोलीस दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा, म्हणून पीसीसी फार आधी काढून ठेवू नकोस. तीही एकेका देशाच्या नावाने मिळते, थायलंडची व्हिएतनामला चालत नाही.

थायलंडमध्ये भारतीय आणि फिलिपिनो शिक्षक पुष्कळ. मी स्वतः बँकॉकच्या बाहेरच्या एका शाळेत सहा वर्षं शिकवलं. तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते आणि त्या फाइलीत पोलीस दाखला असतो. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांकडून टोइक परीक्षेचे गुण मागतात, साधारण ६०० च्या वर. तुझ्या 'कोर्ट उठेपर्यंत'चा प्रश्न नेमका इथे येतो. त्यांचा इमिग्रेशन कायदा परदेशी न्यायालयाने कैद सुनावलेल्या माणसाला प्रवेश नाकारतो, पण किरकोळ गुन्हा आणि हलगर्जीपणा त्यातून वगळतो. तुझा गुन्हा त्या 'किरकोळ'मध्ये बसतो का, हे बँकॉकला उतरून नव्हे, मुंबईतल्या त्यांच्या वकिलातीकडे अर्ज करतानाच ठरू दे. नक्कल आधी मिळव म्हणून मी डोकं खाते आहे ते यासाठी. नुसता दंड असेल तर हा परिच्छेद विसर.

तुझ्या कागदांना सगळ्यात जवळचं मैदान आखातातल्या सीबीएसई शाळांचं. तिथे बी.एड. आणि अनुभवाला किंमत आहे, आणि 'नेटिव्ह' आहात का हा प्रश्न नाही. मालदीवच्या शाळांतही आपले शिक्षक वर्षानुवर्षं जातात. दोन्हीकडे पोलीस दाखला मागतात. यूएईने २०१८ च्या फेब्रुवारीत सगळ्याच वर्क व्हिसांना वर्तणुकीचा दाखला लावला आणि दोनच महिन्यांत तो नियम स्थगित केला, पण शाळा अजूनही दाखल्यावर अडून असतात आणि ते बरोबरच आहे.

बरोबर का, ते सांगते. २००७ मध्ये क्रिस्टोफर नील नावाच्या कॅनेडियन माणसाला थायलंडमध्ये अटक झाली. मुलांवरच्या अत्याचाराच्या फोटोंत त्याने स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा फिरवून लपवला होता, तो तज्ज्ञांनी पुन्हा सरळ केला आणि इंटरपोलने जगभर दाखवला. हा माणूस कोरियात इंग्रजी शिकवत होता. त्यानंतर कोरियाने पोलीस दाखला सक्तीचा केला, आणि बाकीच्या देशांतल्या शाळाही सावध झाल्या. तेव्हा मुलाखतीत कुणी तुझी केस काढली तर ती तुझा अपमान करायला नव्हे. त्यांना एकच बघायचं असतं, हा माणूस वर्गातल्या मुलांना धोका आहे का. मेसमधल्या दोन विशीतल्या पोरांच्या भांडणाचं उत्तर देता येतं. मुलांशी, स्त्रियांशी किंवा अमली पदार्थांशी संबंधित शिक्षा असती, तर मी तुला या वाटेला जाऊच नको म्हटलं असतं.

शेवटची काही वर्षं मी त्या शाळेत निवडीच्या मुलाखती घ्यायला बसत असे. एका बाईंनी बोलणं सुरू होताच सांगितलं की पाच वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याचा दंड झाला आहे, आणि पावती टेबलावर ठेवली. आम्ही तीन मिनिटं त्यावर बोललो, पुढे अर्धा तास वाचनाचे तास कसे घेता यावर. त्यांना घेतलं. दुसऱ्या एका गृहस्थांनी फॉर्मवर 'नो' लिहिलं होतं, शिकवायचे उत्तम, आणि चौथ्या महिन्यात तपासणी संस्थेचा अहवाल आला. गुन्हा तुझ्यापेक्षाही हलका होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'शेजाऱ्याशी हाणामारी मी समजू शकले असते, पण आता यांच्या कोणत्या सहीवर विश्वास ठेवू?' करार रद्द झाला, व्हिसाही गेला. सेमिस्टरच्या मधेच मुलांची वर्गशिक्षकाची जागा रिकामी. सरकारं तर आणखी कडक असतात. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक ठरली तर दहा वर्षांपर्यंत बंदी बसते.

तेव्हा सांगायचं, आणि पहिल्या बोलण्यातच सांगायचं. बायोडेटावर छापू नकोस. मुलाखत ठरली की पीसीसीचा विषय निघण्याआधी चार-पाच ओळी लिहून पाठव. इंग्रजी तू करशीलच, मजकूर साधारण असा: '२०१२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, वसतिगृहाच्या मेसमध्ये झालेल्या भांडणात मी एका विद्यार्थ्याला भांडं मारून जखमी केलं. २०१४ मध्ये मी न्यायालयात गुन्हा कबूल केला. शिक्षा अमुक, ती त्याच दिवशी पूर्ण झाली. त्यानंतर माझ्यावर कोणताही गुन्हा नाही. गेली अमुक वर्षं मी शाळेत शिकवतो, मुख्याध्यापकांचं पत्र आणि निकालाची प्रत सोबत आहे.' 'तरुण रक्त होतं', 'त्यानेच आधी शिवी दिली', 'वकिलाने फसवलं', यातलं एकही वाक्य नको. ती बाजू खरी असली तरी. 'मी मारलं' हा कर्ता-क्रियापदाचा सरळ प्रयोग ठेव, 'माझ्याकडून मारलं गेलं' नको. मुलांच्या वहीत तू लाल शाई कुठे फिरवतोस ते तुला ठाऊक आहे.

त्यासाठी सध्याच्या मुख्याध्यापकांना सांगावं लागेल. शाळेने भरतीच्या वेळी काय विचारलं होतं आणि तू काय लिहिलं होतंस ते आधी आठव. विचारलंच नसेल तर तू काही लपवलेलं नाहीस.

काही ठिकाणी नकार येईल. दहा अर्जांत कदाचित सहा ठिकाणी नुसती शांतता. त्यातले किती नकार केसमुळे आणि किती पासपोर्टमुळे हे कधीच कळणार नाही, त्याचा हिशोब मांडत बसू नकोस. दरम्यान टोइक देऊन टाक आणि पदवीचं मंत्रालयातलं साक्षांकन करून घे. त्या कामांना केस आडवी येत नाही.

राहिला साताऱ्याचा माणूस. त्याने लिहून दिलेल्या 'तक्रार नाही'चा व्हिसाला काडीचा उपयोग नाही. शिक्षा झाल्यावर फिर्यादीची तक्रार उरते की नाही हे कोणतीच वकिलात विचारत नाही. वकील उच्च न्यायालयात जायचं म्हणाले आणि त्याचं प्रतिज्ञापत्र हवं म्हणाले, तर तेव्हा वकिलामार्फत रीतसर विचारता येईल. बारा वर्षांनी अचानक बँकेच्या काउंटरवर उभा राहून 'ओळखलंस का, एक सही हवी होती' असं करू नकोस. त्याच्या डोक्यावर त्या चार टाक्यांचा व्रण अजून असेल. त्याला भेटावंसं वाटत असेल तर भेट, पण कोणताही कागद न नेता, आणि नोकरीचं नक्की झाल्यावर किंवा पूर्ण फिसकटल्यावर. मधल्या काळात नको.

सोमवारी नक्कल विभागात अर्ज टाक. मिळाली की शिक्षेची ती एक ओळ जशीच्या तशी टाइप करून मला पाठव, मग मस्कत की माले ते बघू.